टायमरच्या आधी ट्रिगर : नेमबाजीवर वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रं आणि मेसेज भरपूर आलेत, सगळ्यांना जागा देता येत नाही. सोलापूर शहर-जिल्ह्यातले काही निवडलेत. बहुतेकांचा रोख एकच आहे, फास्ट शूटिंग कसं शिकायचं आणि कसं शिकवायचं. म्हणून त्यावरच जास्त लिहितेय.

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी जुळे सोलापूरला राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकल शूटिंगचे रील्स बघून वेड लागलंय, ते पळत पळत टार्गेट मारतात, टायमर वाजतो आणि आठ-दहा सेकंदात सगळं खलास. हे इथं शिकता येईल का, आणि घरी बसून काय वाचावं काय बघावं? मित्र म्हणतात आधी एअर पिस्टल शिक, पण उभं राहून एकेक पेलेट (एअरगनचा छर्रा) मारणं मला बोअर वाटतं.

उत्तर : वेड लागलंय हे चांगलंच आहे, फक्त रीलमध्ये जे दिसतं त्याच्या मागचं गणित आधी समजून घे. या खेळाची जागतिक संघटना आयपीएससी, १९७६ साली अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या कोलंबिया गावी स्थापन झाली, जेफ कूपर पहिले अध्यक्ष. त्यांचं ब्रीद तीन लॅटिन शब्दांचं आहे, अचूकता, ताकद, वेग. बघ, अचूकता पहिली आहे. स्कोअर काढायची पद्धत म्हणजे मिळालेले गुण भागिले लागलेला वेळ, त्याला हिट फॅक्टर म्हणतात. टार्गेटवर ए, सी आणि डी असे झोन. ए ला ५ गुण, आणि ९ एमएमसारख्या कमी ताकदीच्या, म्हणजे मायनर, गोळीला सी ला ३, डी ला १. गोळी हुकली तर तिचे गुण तर जातातच, वर १० वजा होतात.

आता एक स्टेज, म्हणजे एक फेरी, धर, सहा टार्गेट, प्रत्येकावर दोन, म्हणजे १२ गोळ्या. एकानं सगळ्या ए मारल्या, ६० गुण, वेळ १० सेकंद, हिट फॅक्टर ६. दुसऱ्यानं १० ए आणि २ सी, ५६ गुण, ८ सेकंद, हिट फॅक्टर ७. तो जिंकला. आता तिसरा तुझ्यासारखा घाईतला, ७ सेकंदात संपवलं पण १० ए, १ सी आणि एक मिस, ५३ मधून १० गेले, राहिले ४३, हिट फॅक्टर ६.१४. सगळ्यात फास्ट होता आणि तरी मागे पडला. एका मिसनं सगळी कमाई खाल्ली. म्हणून या खेळातले चांगले शिक्षक नव्या माणसाच्या हातात टायमर देतच नाहीत, आधी ट्रिगर शिकवतात.

कायद्याचंही सरळ सांगते. आपल्याकडे ९ एमएम हे प्रोहिबिटेड बोअर आहे, सामान्य लायसन्सवर मिळत नाही, आणि आयपीएससीच्या हँडगन मॅचला किमान कॅलिबर, म्हणजे गोळीचं माप, तेवढंच लागतं. त्यामुळे रीलमध्ये दिसतं तसं थेट सुरू करणं सोलापुरात काय, जवळपास कुठंच जमणार नाही. पण वेळेशी शर्यत असलेले ऑलिंपिक प्रकार आहेत ना! २५ मीटर रॅपिड फायर पिस्टल, पाच टार्गेट, पाच गोळ्या, आधी ८ सेकंदात, मग ६, मग ४. चार सेकंदात पाच टार्गेट हे कुठल्याही रीलपेक्षा कमी थरारक नाही. विजय कुमारनं २०१२ लंडनला याच प्रकारात रौप्य आणलं. मुलींसाठी २५ मीटर पिस्टल, त्यातल्या रॅपिड भागात टार्गेट ३ सेकंद मिळतं आणि मध्ये ७ सेकंद थांबायचं, हात ४५ अंशात खाली ठेवून सुरुवात. आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या एशियन गेम्सला यातच गोल्ड घेतलं. आणि या २५ मीटरच्या वाटेवर बहुतेक सगळे १० मीटर एअर पिस्टलवरूनच जातात, त्यामुळे तुझे मित्र बरोबर सांगतायत.

बोअर वाटतं म्हणतोस त्यावर एक उपाय आहे, शॉट कॉल करायला शीक. पेलेट सुटला त्या क्षणी फ्रंट साईट (नळीच्या टोकावरची नेमखूण) कुठं होती ते मनात पकडायचं आणि स्क्रीन किंवा कागद बघायच्या आधी सांगायचं, "नऊ, चार वाजता," म्हणजे नऊ गुणांची रिंग, घड्याळात चार असतात त्या बाजूला. मग बघायचं. आधी अंदाज साफ चुकतात, पुढं जमत जातं आणि त्यात इतकं डोकं लागतं की कंटाळा येत नाही. प्रॅक्टिकलवाल्यांचं सगळं याच्यावरच चालतं, कारण त्यांना प्रत्येक टार्गेट तपासायला वेळ नसतो, गोळी नीट लागली की दुसरी मारायची हे साईट बघूनच कळतं.

साहित्याचं विचारलंस. आयएसएसएफ (ऑलिंपिक नेमबाजीची जागतिक संघटना) आणि आयपीएससी दोन्हींची नियमावली त्यांच्या वेबसाईटवर फुकट आहे, ती वाच, खरंच वाच, लोक वाचत नाहीत. आयपीएससीच्या नियमावलीतला सेफ्टीचा भाग तर एअर पिस्टलवाल्यानंही वाचावा, बॅरल ९० अंशाच्या पलीकडं मागं वळलं की डिसक्वालिफाय, हलताना बोट ट्रिगरगार्डमध्ये दिसलं की डिसक्वालिफाय, पिस्टल हातातून पडलं की घरी. तिथं तू नवा आहेस की चॅम्पियन हे कुणी बघत नाही. व्हिडिओ बघायचे तर आयएसएसएफच्या फायनल्स बघ, पण स्कोअरकडं नको, शूटर पेलेट सुटल्यावर किती वेळ तसाच उभा राहतो ते बघ, तो फॉलो थ्रू. आणि स्वतःचा मोबाईल स्टँडला लावून बाजूनं स्लो मोशन घे, ट्रिगर ओढताना मनगट हलतंय का ते लगेच कळतं, हे फुकटातलं सगळ्यात भारी साधन आहे. पैसे असतील तर स्कॅटसारखी यंत्रं आहेत, नळीला सेन्सर लावला की तुझी साईट टार्गेटवर कशी फिरली त्याची रेघ कॉम्प्युटरवर दिसते. पण ती रेघ वाचून सांगणारा माणूस नसेल तर ती नुसती रेघच, म्हणून आधी कोच शोध. सोलापुरात नीट हात मिळाला नाही तर पुण्याला बालेवाडीत गगन नारंगची गन फॉर ग्लोरी अकॅडमी आहे, हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी जाऊन रात्री परत येता येतं, महिन्यातून एखादी चक्कर आणि बाकीचे दिवस घरी ड्राय प्रॅक्टिस (पेलेट न भरता नुसता नेम आणि ट्रिगर) असं जमवता येईल.

ड्राय प्रॅक्टिसचे नियम मात्र पक्के ठेव. खोलीत पेलेट नकोत, दुसऱ्या खोलीत. दोनदा उघडून तपास. समोर भिंत, पलीकडं माणसांचा वावर असलेला दरवाजा किंवा खिडकी नको. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभा राहा, टार्गेट लावूच नको, म्हणजे डोळा फ्रंट साईटवरच राहतो. वीस मिनिटं मन लावून केलेलं दोन तासांच्या टाईमपासपेक्षा जास्त देतं. आणि हो, हे मॅच पिस्टलवर (स्पर्धेच्या पिस्टलवर), ज्याला ड्राय फायरची सोय असते. स्प्रिंगची एअरगन रिकामी चालवू नकोस, पुढं पेलेटचा अडथळा नसला की पिस्टन आपटतो आणि खराब होतो.

प्रश्न : मी अक्कलकोट तालुक्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. स्वप्नील कुसाळेच्या मेडलनंतर पोरं मागं लागलीत, सर आपल्याकडं पण चालू करा म्हणून. संस्थेनं दोन एअर रायफल घेऊन दिल्या, ओपन साईटच्या, नळी मोडून भरायच्या. पोरं वीस-बावीस हायत आणि मला स्वतःला एनसीसीतल्या फायरिंगपलीकडं काही येत नाही. शिकवायचं कसं तेच कळंना झालंय.

उत्तर : सर, तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं. कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, खेड्यातलाच पोरगा, २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेऊन आला आणि त्याला घडवणाऱ्या दीपाली देशपांडे स्वतः ऑलिंपियन. खेड्यातल्या शाळेत पहिली रायफल हातात देणारा माणूस पुढच्या सगळ्या कोचइतकाच महत्त्वाचा असतो, तिथं बिघडलेली सवय नंतर काढायला वर्षं जातात. त्यामुळे तुम्हाला सविस्तर लिहिते.

पहिलं जागेचं. १० मीटर अंतर फायरिंग लाईनपासून टार्गेटच्या तोंडापर्यंत मोजायचं, टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर. मागं भक्कम भिंत आणि पेलेट अडकेल अशी पेटी, उघड्या लोखंडी पत्र्यावर मारू नका, पेलेट उलटतात. फायरिंग लाईनच्या पुढं कुठलाही दरवाजा उघडत नाही ना ते बघा, असेल तर कुलूप. साडेचार एमएमच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअरगनला लायसन्स लागत नाही, पण बिलाची कॉपी शाळेत ठेवा, संस्थेचा लेखी ठराव घ्या, पालकांची संमती घ्या, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाला आणि पोलीस ठाण्याला कळवून ठेवा. रायफली आणि पेलेट वेगवेगळ्या कुलपात, किल्ली तुमच्याकडंच.

पहिल्या आठवड्यात पेलेट काढूच नका. पोरं चिडतील, चिडू द्या. ऑर्डरी शिकवा, लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड, आणि स्टॉप म्हटलं की बोट बाहेर, मग कुणी कितीही चांगल्या नेमावर असो. कुठल्याही पोराला, अगदी बारक्यालाही, धोका दिसला तर स्टॉप ओरडायचा अधिकार द्या आणि तो ओरडला तर त्याचं कौतुक करा, खोटा निघाला तरी. रिकाम्या रायफलीत रंगीत सेफ्टी फ्लॅग घालून ठेवायची सवय लावा. तुमच्या रायफली नळी मोडायच्या आहेत म्हणून एक खास गोष्ट, पेलेट घालताना दुसऱ्या हातानं नळी धरूनच ठेवायची, सुटून वर आली तर बोटं जातात.

आता दोन रायफल आणि बावीस पोरं. रांग लावली तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच पेलेट आणि तासभर उभं राहणं, अर्धी पोरं पंधरा दिवसांत गळतील. त्यापेक्षा गट पाडा. दोघं फायर करतील. त्यांच्या मागं दोघं बघणारे, त्यांनी टार्गेट बघायचं नाही, फायर करणाऱ्याचं बोट आणि डोळे बघायचे, बोट हळू दाबतंय का झटका देतंय, पेलेट सुटताना डोळा मिटतोय का, आणि वहीत लिहायचं. बाकीचे दोन गटांत, एक गट एका पायावर तोल, प्लँक, पाठीचे व्यायाम, दुसरा गट लाकडी काठी रायफलीसारखी धरून पोझिशन आणि श्वास. दहा-दहा मिनिटांनी बदली. बघणारी पोरं बघून जितकं शिकतात तितकं कधीकधी मारूनही शिकत नाहीत, हे मी खात्रीनं सांगते.

नवीन पोराला उभं करून मारायला लावू नका. टेबलावर वाळूची पिशवी, त्यावर रायफल टेकवून, बसून. असं केलं की रायफलीचं वजन आणि डुगडुगणं बाजूला राहतं आणि त्याला फक्त दोन गोष्टी शिकायच्या उरतात, साईट आणि ट्रिगर. फळ्यावर साईट पिक्चर मोठं काढा, मागच्या खाचेत पुढची साईट मधोमध, वरची कड एका रेषेत, दोन्ही बाजूला सारखा उजेड. मग पोराला स्वतःला काढायला लावा. काढता आलं नाही तर त्याला ते दिसलेलंच नाही असं समजा.

टार्गेट उलटं लावा, कोरी बाजू समोर. पाच पेलेट, एकाच जागी जायला हवेत, कुठं का जाईनात. पट्टीनं ग्रुपची, म्हणजे पाच भोकांच्या घोळक्याची, रुंदी मोजा आणि वहीत लिहा, गुण लिहायचे नाहीत. ग्रुप लहान व्हायला लागला की साईट फिरवून तो मध्यावर आणणं दोन मिनिटांचं काम. गुण लवकर मोजायला सुरुवात केली की पोरगं दहा गुणांच्या मागं लागतं आणि ट्रिगर हिसकायला शिकतं. ही एक गोष्ट जरी पाळलीत तरी तुमची पोरं वेगळी दिसतील.

सुधारणा सांगताना एका वेळी एकच. आपण शिक्षक लोक उत्साहात कोपर, गाल, पाय, श्वास सगळं एका दमात सांगतो आणि पोरगं गोंधळतं. आज फक्त ट्रिगर, म्हणजे फक्त ट्रिगर. आणि सांगण्याआधी विचारा, "काय दिसलं तुला?" त्याच्या तोंडून आलं तर ते राहतं.

टेकवून ग्रुप जमला की उभ्यानं. तेव्हा नॅचरल पॉइंट शिकवा, नेम धरून डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, उघडायचे, रायफल बाजूला गेली असेल तर हातानं ओढून आणायची नाही, पाय सरकवून अख्खं शरीर फिरवायचं. यानंतर हळूहळू वेळेचा खेळ आणा, उचलल्यापासून ठरावीक सेकंदात मारायचा, नाही जमलं तर खाली ठेवायची. न मारता खाली ठेवणाऱ्याला गुण द्या. पोरांना फार आवडतं, आणि पुढं पिस्टल किंवा फास्ट प्रकाराकडं जाणाऱ्यांचा पाया इथंच पडतो.

पेलेट शिशाचे असतात, सरावानंतर साबणानं हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही, त्या जागेत खाणंपिणं नाही. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि त्यात ओपन साईटचा वेगळा प्रकार असतो, म्हणजे तुमच्या रायफलींवर सुरुवात होऊ शकते. स्वतःसाठी म्हणाल तर एनसीसीचा पाया कमी लेखू नका, शिस्त तीच आहे. पुढं वाटलं तर आयएसएसएफचे कोचिंगचे कोर्स डी लायसन्सपासून सुरू होतात.

प्रश्न : मी पोलीस दलात आहे, पंढरपूर भागात. सावकाश फायरला माझे चांगले लागतात पण वेळ लावला की सगळे खाली-डावीकडं. उस्ताद म्हणतात घाबरू नको. न घाबरायचं म्हणजे नेमकं काय करायचं हो ताई?

उत्तर : दादा, उजव्या हाताच्या माणसाचे खाली-डावीकडं जातात तेव्हा बहुतेक वेळा ते भीतीपेक्षा हाताचं काम असतं, आवाज आणि धक्का येणार हे माहीत असल्यानं हात आधीच खाली दाबतो आणि सगळी बोटं एकदम आवळतात. मनाला कितीही समजावलं तरी हात ऐकत नाही, त्याला दाखवावं लागतं. रेंजवर, उस्तादांच्या देखरेखीतच, मॅगझिनमध्ये खऱ्या राउंडमध्ये डमी (न उडणारे) राउंड मिसळून दुसऱ्या कुणाकडून भरून घ्या, कुठला कधी येईल ते तुम्हाला माहीत नको. डमीवर पिस्टलचं तोंड खाली गोता खातं की नाही बघा, मोबाईलवर शूटही करा. खाल्ला तर पुढचे काही ड्राय, मग परत मिक्स. डमीवर साईट जागची हलली नाही की मग वेळ लावा.

वेळ लावताना एकदम कमी नको. तुम्हाला आरामात जमणारा वेळ घ्या, त्यात सगळे आत बसले की जरासा कमी करा, पांगायला लागले की परत मागं या. वाचवायचा वेळ ट्रिगरमध्ये नसतोच, तो उचलण्यात आणि पहिली साईट सापडण्यात असतो, तिथं हात जलद चालवा आणि ट्रिगर मात्र सावकाश फायरसारखाच. उस्तादांना एवढंच सांगा की टार्गेटऐवजी माझ्या हातांकडं बघा.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे, अशोक चौकात राहतो, मिस्टर टॉवेल कारखान्यात आहेत. क्लबमध्ये ती एअर रायफल शिकते, आता सांगतात स्वतःची रायफल घ्या. लाखाच्या वर किंमती ऐकून आम्ही गप्पच बसलो. सेकंडहँड घ्यावी का?

उत्तर : ताई, इतक्यात घाई करू नका. सातवीतली मुलगी वाढतेय, आत्ता तिच्या मापाची घेतलेली गोष्ट लवकरच लहान होईल, आणि क्लबची रायफल मिळतेय तोवर ती वापरू द्या. आधी खर्च करायचा तर तिच्या पाठीचे व्यायाम, चांगले पेलेट आणि नियमित तास यावर करा. मॅच रायफल चार-साडेचार-पाच किलोची असते, मोठ्यांनाही ५.५ किलोपर्यंतच परवानगी आहे, तेवढं वजन उभ्यानं तासभर पेलणं बारक्या पाठीला जड जातं, म्हणून तिला टेकवून किती वेळ आणि उभ्यानं किती वेळ करून घेतात ते विचारा. पाठ दुखते म्हणाली तर दुर्लक्ष करू नका.

सेकंडहँड घ्यायचीच वेळ आली तर रायफलीच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख बघा. उत्पादनापासून दहा वर्षांची मुदत असते, संपलेला सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत चालत नाही आणि नवा महाग पडतो, स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली रायफल तिथंच महागते. बट (खांद्याला टेकणारा भाग) आणि गालपट्टी लहान-मोठी होते का, सील गळतात का, मूळ बिल आहे का, हेही बघा. भारतीय बनावटीच्या रायफलीही आता मिळतात, त्याही हातात घेऊन बघा. आणि कुणी "आत्ताच घेतली नाही तर मुलगी मागं पडेल" असं म्हणालं तर ऐकू नका, सातवीत असं काही नसतं.

प्रश्न : उजव्या हातानं लिहितो पण डावा डोळा मास्टर (नेमात आपोआप पुढाकार घेणारा) आहे असं कोच म्हणाले. एअर पिस्टल कुठल्या हातानं शिकू? (विजापूर रोड)

उत्तर : पिस्टलमध्ये याचं फार टेन्शन नाही, हात लांब असतो, मान किंचित वळवून किंवा डाव्या डोळ्यावर ब्लाइंडर (झाकणारी पट्टी) लावून उजव्या हातानं चालतं. डोळा आवळून मिटू नका, दुसराही थकतो. रायफल असती तर मी सुरुवातीलाच डाव्या खांद्यावर करून बघा म्हटलं असतं.

प्रश्न : एप्रिल-मे मध्ये आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये सराव करणं अशक्य होतं, ग्रिप घामानं सरकते, लाईट गेली की टार्गेट मशीन बंद. दोन महिने बंदच ठेवावं का?

उत्तर : बंद नको. सोलापूरचा उन्हाळा आहे, चाळीसच्या वर पारा जाणारच, वेळ बदला. पहाटे सहा ते आठ लाईव्ह, म्हणजे पेलेट मारून, संध्याकाळी घरी फरशीवर ड्राय आणि होल्डिंग (नेम धरून स्थिर राहणं). रायफलवाल्यांनी जाडजूड जॅकेट अख्खा वेळ घालून बसू नये, आत सुती बनियन, दर पंधरा-वीस मिनिटांनी चेन उघडून पाणी. ग्रिपसाठी कोरडा पंचा जवळ ठेवा, शॉटच्या आधी हात पुसणं हा रूटीनचाच भाग करा म्हणजे स्पर्धेतही विसरणार नाही. लाईट गेली तर कागदी टार्गेट लावा, त्या निमित्तानं शॉट कॉल करायचा सराव होतो. आणि भरलेला सिलिंडर दुपारी उन्हात उभ्या गाडीत कधीच ठेवू नका, डिकीत पण नाही. सोबत घेऊन उतरा.